न्यूझीलंडला जाताय? 'किआ ओरा' शिकून जा. पण या दोन शब्दांसाठी तिथं काय काय घडलंय, तेही वाचा

न्यूझीलंडच्या पासपोर्टवर देशाचं नाव दोन भाषांत छापलेलं असतं. माओरी भाषेतली ओळ वर, इंग्रजी खाली. हा क्रम २०२१ मध्ये आला. पण २०२५ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की, २०२७ च्या अखेरीस नव्या डिझाइनचे पासपोर्ट येतील आणि त्यावर इंग्रजी वर असेल, माओरी खाली.

बस्स, एवढंच. शब्द तेच, भाषा त्याच. फक्त वरची ओळ खाली आणि खालची वर. तरीही त्याची मोठी बातमी झाली आणि वादही झाला.

कारण न्यूझीलंडमध्ये सध्या 'माओरी भाषेची जागा कुठली?' हा राजकारणातला तापलेला प्रश्न आहे. सरकारी खात्यांची नावं, शाळेतली पुस्तकं, संसदेतली भाषणं, सगळीकडे तो येतो. अशा वेळी आपल्यासारखा एखादा पर्यटक, विद्यार्थी किंवा नोकरीसाठी जाणारा माणूस विमानात बसण्याआधी यूट्यूबवर 'माओरीतले दहा सोपे शब्द' शोधतो. शब्द सोपेच आहेत. पण ते कोणत्या देशात आणि कोणत्या काळात बोलणार आहोत, हे माहीत असलं तर त्यांचं वजन कळतं.

या लेखात दोन्ही आहे. शब्दही आणि त्यांच्यामागची गोष्टही.

तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, मग माओरी कशाला शिकायची?

प्रश्न रास्त आहे. जपानला किंवा फ्रान्सला जाताना आपण चार वाक्यं शिकतो, कारण त्यावाचून अडतं. न्यूझीलंडमध्ये अडत नाही. हॉटेल, टॅक्सी, दवाखाना, इमिग्रेशन, सगळं इंग्रजीत होतं. २०२३ च्या जनगणनेनुसार तिथे माओरी वंशाचे लोक १७.८ टक्के आहेत, पण माओरी बोलू शकणारे २,१३,८४९. म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ४.३ टक्के. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी ही संख्या.

म्हणजे माओरी शब्द शिकणं ही गरज नाही. आणि नेमकं म्हणूनच त्याला अर्थ आहे. गरज म्हणून शिकलेला शब्द हे आपलं काम असतं. गरज नसताना शिकलेला शब्द हा समोरच्याचा मान असतो.

हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. 'इथे राहता, तर दोन शब्द मराठीत बोलायला काय जातं?' हे वाक्य आपण मुंबईच्या लोकलपासून इन्स्टाच्या कमेंट्सपर्यंत रोज ऐकतो. हा प्रश्न आपण दुसऱ्यांना विचारतो. दुसऱ्याच्या गावी गेल्यावर तोच स्वतःला विचारायला हवा.

'किआ ओरा' म्हटलं म्हणून कामावरून हटवलं

गोष्ट १९८४ ची आहे. ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नाइडा ग्लॅव्हिश नावाच्या ऑपरेटर होत्या. त्या काळी ट्रंक कॉल लावायचा तर आधी ऑपरेटरशी बोलावं लागे. ग्लॅव्हिश फोन उचलून 'किआ ओरा' म्हणायच्या. म्हणजे नमस्कार.

वरिष्ठांनी सांगितलं की हे चालणार नाही, इंग्रजीतच अभिवादन करा. त्यांनी नकार दिला. त्यांना त्या जागेवरून हटवण्यात आलं.

प्रकरण देशभर गाजलं. लोक मुद्दाम एक्स्चेंजला फोन करून 'त्या किआ ओरावाल्या बाईंशी बोलायचंय' म्हणू लागले. शेवटी त्या वेळच्या पोस्टमास्तर-जनरलनी पंतप्रधान रॉबर्ट मल्डून यांना बंदी उठवायला राजी केलं. ग्लॅव्हिश परत कामावर आल्या. पुढे त्यांना आंतरराष्ट्रीय कॉलच्या एक्स्चेंजमध्ये बढती मिळाली आणि तिथून त्या जगभरातल्या लोकांना 'किआ ओरा' म्हणत राहिल्या.

आज न्यूझीलंडच्या विमानात शिरताना केबिन क्रू हसून 'किआ ओरा' म्हणतात, तेव्हा त्या दोन शब्दांमागे ही लढाई आहे.

आणि ही लढाई एका ऑपरेटरपुरती नव्हती. १८६७ च्या कायद्याने माओरी मुलांच्या शाळांमध्ये इंग्रजी हे शिक्षणाचं माध्यम ठरवलं. पुढच्या अनेक दशकांत शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांनी मार खाल्ला. १९१३ मध्ये माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना ही भाषा येत होती. १९७५ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. दोन-तीन पिढ्यांत घरातली भाषा घरातूनच गेली. आजीला येते, आईला कळते, नातीला काहीच कळत नाही, अशी अवस्था.

१४ सप्टेंबर १९७२ ला माओरी तरुणांनी ३० हजारांहून जास्त सह्यांचं निवेदन संसदेला दिलं. मागणी साधी होती, शाळेत आमची भाषा शिकवा. आज दर सप्टेंबरमध्ये 'माओरी भाषा सप्ताह' साजरा होतो, त्याचं मूळ या तारखेत आहे. १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' सुरू झाल्या. शब्दशः अर्थ 'भाषेचं घरटं'. या बालवाड्यांमध्ये लहान मुलांशी फक्त माओरीत बोललं जातं आणि शिकवायला असतात आजी-आजोबांच्या पिढीतले लोक. मधल्या पिढीत तुटलेला धागा त्यांनी असा जोडला. पुढे हवाईमध्येही हेच मॉडेल उचलण्यात आलं. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली.

मग आता पुन्हा काय झालं?

२०२३ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये सत्तापालट झाला. नॅशनल, अॅक्ट आणि न्यूझीलंड फर्स्ट अशा तीन पक्षांचं सरकार आलं. त्यांच्या करारातच लिहिलं होतं की, खास माओरींसाठीची खाती सोडून बाकी सरकारी खात्यांचं मुख्य नाव इंग्रजीत असेल. इंग्रजीलाही कायद्याने अधिकृत भाषेचा दर्जा द्यायचा, हेही त्यात होतं.

त्यानंतर एकेक गोष्टी घडत गेल्या.

रस्ते वाहतुकीचं खातं 'वाका कोताही' या नावाने ओळखलं जायचं. त्याचं इंग्रजी नाव पुढे आलं आणि माओरी नाव मागे गेलं.

२०२४ मध्ये शिक्षकांना माओरी शिकवणाऱ्या एका कार्यक्रमाचे ३ कोटी न्यूझीलंड डॉलर काढून गणिताच्या पुस्तकांकडे वळवले.

नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकमालिकेत नवे माओरी शब्द घालायचे नाहीत, असं सरकारने ठरवल्याचं २०२५ मध्ये समोर आलं.

त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री विन्स्टन पीटर्स यांनी संसदेत 'आओतेआरोआ' हे देशाचं माओरी नाव वापरण्यावर आक्षेप घेतला. सभापतींनी मात्र हे नाव वापरायला हरकत नाही, असा निर्णय दिला.

आणि मग पासपोर्ट.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांचं म्हणणं असं की, बहुसंख्य लोक इंग्रजी बोलतात, तर कोणतं खातं काय करतं हे पाटी वाचून कळायला हवं. वाचायला शिकणाऱ्या मुलांचा दोन भाषांच्या उच्चारांत गोंधळ होऊ नये. आणि हे 'गोरे विरुद्ध माओरी' असं सरळ चित्रही नाही. स्वतः पीटर्स माओरी आहेत. त्यांच्याच पक्षाचे मंत्री शेन जोन्स अस्खलित माओरी बोलतात.

विरोधकांचं म्हणणं असं की, यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी छोटी वाटते, पण सगळ्या एकाच दिशेने जातात. पाटीवरून, पुस्तकातून, पासपोर्टवरून भाषा एकेक ओळ खाली सरकते. ज्या भाषेला एकदा शाळेतून हाकललं होतं, तिला हे सरकणं जास्त लागतं.

एका शब्दाचं भाषांतर आणि १८५ वर्षांचं भांडण

न्यूझीलंडमध्ये शब्दांवरून इतकं का पेटतं? उत्तर १८४० मध्ये आहे.

त्या वर्षी ६ फेब्रुवारीला वाइतांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला. करार दोन भाषांत होता आणि दोन्हींचा अर्थ वेगळा होता. इंग्रजी मजकुरात माओरींनी 'सार्वभौमत्व' दिलं, असं म्हटलंय. माओरी मजकुरात 'कावानातांगा' असा शब्द आहे, जो 'गव्हर्नर' या इंग्रजी शब्दावरून घडवलेला. त्याचा अर्थ कारभार बघण्याचा अधिकार. आपल्या जमिनीवर आणि माणसांवर आपली सत्ता आपल्याकडेच राहील, असं माओरी मजकूर सांगतो. पाचशेहून जास्त सरदारांनी सह्या केल्या, त्यातल्या बहुतेकांनी माओरी मजकुरावर.

या कराराची तत्त्वं कायद्याने नव्याने ठरवणारं विधेयक अॅक्ट पक्षाने आणलं. १४ नोव्हेंबर २०२४ ला संसदेत ते मांडलं जात असताना खासदार हाना-राफिती माइपी-क्लार्क उठल्या, विधेयकाची प्रत फाडली आणि हाका सुरू केला. तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो फिरला होता. पाच दिवसांनी राजधानी वेलिंग्टनमध्ये मोर्चा धडकला. पोलिसांच्या अंदाजानुसार त्यात सुमारे ४२ हजार लोक होते. १० एप्रिल २०२५ ला ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. हाका करणाऱ्या माइपी-क्लार्क यांना मात्र सात दिवस आणि त्यांच्या पक्षाच्या दोन सहनेत्यांना २१ दिवस निलंबित करण्यात आलं.

भारतीयांचा याच्याशी काय संबंध?

आधी आकडा बघू. २०२३ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये भारतीय वंशाचे २,९२,०९२ लोक नोंदले गेले. चिनी समूहाला मागे टाकून भारतीय तिथला तिसरा मोठा वांशिक गट झाला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये भारत आणि न्यूझीलंडने मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. म्हणजे जाणं-येणं वाढणारच.

ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू न्यूझीलंडला गेल्या, तेव्हा त्यांचं स्वागत 'पोफिरी' या माओरी पद्धतीने झालं. सरकार कोणाचंही असो, पाहुण्याचं स्वागत करताना तो देश माओरी रीतच पुढे करतो.

पण अलीकडे एक वेगळा व्हिडिओही आपल्याकडे फिरला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण ऑकलंडमध्ये शिखांच्या नगर कीर्तनासमोर एका गटाने येऊन हाका केला. हा गट ब्रायन तमाकी यांच्या डेस्टिनी चर्चशी संबंधित होता. ते बघून अनेकांनी 'हाका म्हणजे धमकी' आणि 'माओरी म्हणजे स्थलांतरितांच्या विरोधात' असं परस्पर ठरवून टाकलं.

इथेच थोडी माहिती कामाला येते. हाका लग्नात होतो, अंत्ययात्रेत होतो, शाळेतल्या मुलांना पदवी मिळाल्यावर होतो, रग्बीच्या मैदानात होतो. तो स्वागताचा असतो, शोकाचा असतो, निषेधाचाही असतो. आपल्याकडे ढोल गणपतीतही वाजतो आणि मोर्चातही. एका मोर्चातला ढोल ऐकून कोणी 'ढोल म्हणजे दंगल' म्हटलं, तर आपण काय म्हणू? एका गटाच्या एका व्हिडिओवरून अख्ख्या समाजाबद्दल मत बनवायचं नसेल, तर त्या समाजाशी दोन शब्द बोलता आलेले बरे.

चांगली बातमी : मराठी माणसाला माओरी सोपी जाते

हे कौतुक म्हणून नाही. खरंच तसं आहे.

पहिलं कारण म्हणजे बाराखडी. माओरीत फक्त दहा व्यंजनं आणि पाच स्वर आहेत. प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, जोडाक्षर नाही. तिथली मुलं आपल्या बाराखडीसारखाच तक्ता करून ही अक्षरं शिकतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अडखळणारे शब्द देवनागरीत लिहिले की सरळ वाचता येतात.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. माओरी लिहिताना दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात, कारण त्याने अर्थ बदलतो. 'वहिने' म्हणजे एक बाई आणि 'वाहिने' म्हणजे अनेक बायका. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक ऐकू येत नाही, आपल्याला सहज येतो. आणि हो, 'वहिने' आणि आपली 'वहिनी' यांचा काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. पण लक्षात ठेवायला सोपं. स्वच्छतागृहाच्या दारावर 'वाहिने' आणि 'ताने' असं लिहिलेलं दिसलं, तर बायकांचं कुठलं आणि पुरुषांचं कुठलं, हे आता तुम्हाला कळेल.

तिसरं, दोन अवघड उच्चार. इंग्रजीत 'डब्ल्यू-एच' लिहिलं असेल तर तो बहुतेक ठिकाणी 'फ' होतो. 'फळ'मधला नाही, 'फोन'मधला. म्हणून खासदारांचं नाव 'राफिती', इंग्रजी स्पेलिंग बघून 'रावहिती' म्हणायचा मोह होतो तरी. दुसरा उच्चार 'एन-जी'चा. तो म्हणजे आपला ङ. शाळेत पाठ केला आणि नंतर कधी वापरला नाही, तोच. 'वाङ्मय' म्हणताना जो आवाज येतो, तो शब्दाच्या सुरुवातीला काढायचा. त्यात ग मिसळायचा नाही. त्यामुळे वर 'वाइतांगी' लिहिलंय, त्याचा खरा उच्चार 'वाइताङी'च्या जवळचा.

चौथी गोष्ट सगळ्यात भारी. इंग्रजीत 'वी' म्हटलं की त्यात ऐकणारा धरलाय की नाही, ते कळत नाही. हिंदीतल्या 'हम'चंही तेच. मराठीत मात्र 'आपण जेवायला जातोय' आणि 'आम्ही जेवायला जातोय' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्हाला आमंत्रण आहे, दुसऱ्यात नाही. माओरीत हाच फरक आहे. 'तातोउ' म्हणजे आपण सगळे, 'मातोउ' म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. न्यूझीलंडच्या भाषणांत 'तातोउ' हा शब्द कानावर पडला, तर समजा की वक्ता तुम्हालाही धरून बोलतोय.

सोबत न्यायचे शब्द

खालचं लिखाण कामचलाऊ आहे. शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण मराठीत खातो, माओरीत तो पूर्ण उच्चारतात, म्हणून इथे 'आ' लिहिलाय. जाण्याआधी 'ते आका' या ऑनलाइन माओरी शब्दकोशात खरा उच्चार ऐकून घ्या.

- किआ ओरा : नमस्कार. धन्यवाद म्हणूनही चालतं आणि 'बरोबर बोललात' म्हणूनही. शब्दशः अर्थ 'जगा, बरे राहा'.
- तेना कोए : एका व्यक्तीला आदराने नमस्कार. दोघं असतील तर 'तेना कोरुआ', तिघं किंवा जास्त असतील तर 'तेना कोउतोउ'. शाळेत संस्कृतचं द्विवचन पाठ केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.
- हाएरे माइ : या, स्वागत आहे.
- ङा मिही : आभार. ईमेलच्या शेवटीही लिहितात.
- आरोहा माइ : माफ करा.
- आए, काओ : हो, नाही.
- काइ, वाइ : जेवण, पाणी.
- फानाउ : कुटुंब. यात आई-वडील-मुलंच नाही, काका-आत्या-चुलत भावंडं सगळी आली.
- हाएरे रा : जाणाऱ्याला निरोप. तुम्ही स्वतः निघत असाल तर मागे थांबणाऱ्याला 'ए नोहो रा' म्हणायचं.
- का किते : पुन्हा भेटू. आपण घरातून निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, तो भाव.
- नो पुणे अहाउ : मी पुण्याचा किंवा पुण्याची. पुण्याच्या जागी तुमचं गाव घाला.

शेवटचं वाक्य नक्की पाठ करा. माओरी माणूस स्वतःची रीतसर ओळख करून देतो तेव्हा आधी आपला डोंगर, आपली नदी, आपली माणसं सांगतो, नाव शेवटी येतं. तुम्ही कुठल्या मातीतले, हे त्याला आधी कळायला हवं. आपल्याकडेही आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'मूळ गाव कोणतं?'

आठ शब्दांत अर्धा नकाशा

'वाइ' म्हणजे पाणी. 'रोतो' म्हणजे तलाव, 'रुआ' म्हणजे दोन किंवा दुसरा. झालं 'रोतोरुआ', दुसरा तलाव. 'इति' म्हणजे छोटा, म्हणून 'रोतोइति' छोटा तलाव. 'रोआ' म्हणजे लांब, 'नुइ' म्हणजे मोठा. 'वेरा' म्हणजे गरम, म्हणून 'वाइवेरा' हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. आणि 'ताङी' म्हणजे रडणं. ज्या वाइतांगीला करार झाला, त्या नावाचा अर्थ 'रडणारं पाणी'.

गंमत म्हणजे यातले शब्द न्यूझीलंडपुरते थांबत नाहीत. हवाई, सामोआ, टोंगा, ताहिती इथल्या भाषा एकाच पॉलिनेशियन कुटुंबातल्या. माओरीत घर म्हणजे 'फारे', ताहितीत 'फारे', सामोआत 'फाले', हवाईत 'हाले'. प्रेमासाठी माओरी शब्द 'आरोहा', सामोआत 'आलोफा' आणि हवाईत आपल्याला आधीच माहीत असलेला 'आलोहा'. डिस्नेची 'मोआना' आठवतेय? त्या नावाचा अर्थ समुद्र. माओरीतही तोच.

शब्दांसोबत या दोन गोष्टीही

एक म्हणजे 'तापू'. पवित्र म्हणून निषिद्ध. इंग्रजीतला 'टॅबू' हा शब्द टोंगाच्या भाषेतल्या याच शब्दावरून आला. माओरींमध्ये डोकं तापू मानतात. म्हणून जेवणाच्या टेबलावर टोपी ठेवायची नाही, उशीवर बसायचं नाही. जेवणाच्या टेबलावर बसायचंही नाही. 'माराए' म्हणजे त्यांच्या सामूहिक सभास्थानी गेलात, तर बोलावल्याशिवाय आत शिरायचं नाही, सभागृहात जाताना चपला बाहेर, खाणं-पिणं आत नाही आणि फोटो विचारूनच. आजीच्या देवघराचे नियम पाळून मोठे झालेल्यांना हे जड जाऊ नये.

दुसरी गोष्ट रील बनवणाऱ्यांसाठी. रग्बीमुळे जगभर गाजलेला 'का माते' हा हाका तेराउपाराहा या सरदाराने रचलाय. २०१४ मध्ये न्यूझीलंडने खास कायदा करून त्याचं श्रेय त्यांना आणि त्यांच्या न्गाती तोआ जमातीला दिलं. व्यावसायिक वापर करताना हा उल्लेख करणं बंधनकारक आहे. जीभ बाहेर काढून, डोळे वटारून केलेली नक्कल तुम्हाला विनोदी वाटेल. तिथल्या माणसाला ती कशी वाटेल, याचा विचार पोस्ट करण्याआधी करा.

पण हे सगळं दिखाऊ नाही का?

असू शकतं. २०१९ मध्ये एअर न्यूझीलंडने आपल्या 'किआ ओरा' या मासिकाच्या लोगोचा ट्रेडमार्क घ्यायचा प्रयत्न केला. माओरींनी विचारलं की, जो नमस्कार आमच्याकडून मारून हिसकावला होता, त्याच्यावर आता कंपनीचा हक्क कसा? कंपनीला माघार घ्यावी लागली. भाषा मिरवणं आणि भाषेला मान देणं यात फरक असतो.

पर्यटकाच्या 'किआ ओरा'ने भाषा वाचत नाही, हेही खरं. भाषा वाचते ती घरात, शाळेत आणि सरकारी पैशावर. न्यूझीलंडचं जुनं ध्येय असं होतं की, २०४० पर्यंत १० लाख लोकांना किमान जुजबी माओरी यावी. ते पर्यटकांच्या भरवशावर पुरं होणार नाही. आणि माओरीची तुलना मराठीशी थेट करू नये. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून जास्त होते, माओरी बोलणारे दोन लाखांच्या थोडे वर.

पण तुमच्या दोन शब्दांनी एक छोटं काम नक्की होतं. ज्या देशात 'ही भाषा कुणाला लागते?' असा प्रश्न विचारला जातोय, तिथे बाहेरून आलेला एक माणूस 'मला लागते' असं सांगतो. मुद्दाम जास्त शब्द फेकायची गरज नाही. चारच म्हणा, पण नीट म्हणा. गावाचं आणि माणसाचं नाव बरोबर उच्चारलं, तर ते शंभर 'किआ ओरा'पेक्षा जास्त पोचतं. आपलं नाव कोणी चुकीचं घेतलं की कसं वाटतं, ते परदेशात राहिलेल्या कुठल्याही चैतन्यला किंवा ज्ञानेश्वरीला विचारा.

परत त्या पासपोर्टकडे

पासपोर्टवर माओरीत पहिला शब्द आहे 'उरुफेनुआ'. 'उरु' म्हणजे आत शिरणं आणि 'फेनुआ' म्हणजे जमीन. पासपोर्ट म्हणजे भूमीत शिरण्याचं साधन.

पण 'फेनुआ'चा अजून एक अर्थ आहे. बाळाची वार, म्हणजे आईच्या पोटात बाळाला पोसणारी. माओरींमध्ये बाळ जन्मलं की वार जमिनीत पुरायची पद्धत आहे. फेनुआ फेनुआला परत द्यायची. म्हणून त्या भाषेत माती आणि वार यांना एकच शब्द.

'माझी नाळ या मातीत पुरलीय' असं आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. हे वाक्य माओरी माणसाला समजावून सांगावं लागणार नाही.

२०२७ नंतरच्या नव्या पासपोर्टवर ही ओळ वर असेल की खाली, ते तिथलं सरकार ठरवेल. ती ओळ वाचता येणारे लोक किती असतील, त्यात एकाची भर मात्र तुम्ही आत्ताच घातलीत.

किआ ओरा.